भांगाच्या भरतीत मालवण: आमच्या डायव्हिंग क्लबाचे सात दिवस

सहलीच्या तारखा ठरवताना आमच्या क्लबात सुट्ट्यांच्या आधी तिथ्या पाहिल्या जातात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्राला उधाण येते, पाणी जोराने आत येते, तेवढ्याच जोराने बाहेर जाते आणि तळाची वाळू व गाळ ढवळून निघतो, त्यामुळे पाण्याखाली स्वतःच्या पायांतल्या फिन्सची टोकेही दिसेनाशी होतात. अष्टमीच्या आसपास मात्र भरती आणि ओहोटी यांतला फरक कमी असतो, ओढ मंदावते आणि पाणी त्यातल्या त्यात निवळते. कोकणात याला भांग म्हणतात. पुण्यात राहून डायव्हिंग करणाऱ्या आम्हा लोकांना हा शब्द मालवणच्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) शिकवला आणि तेव्हापासून आमची वार्षिक सहल भांगाची भरती पाहूनच ठरते. या वर्षी फेब्रुवारीतला असा एक आठवडा मिळाला आणि आम्ही चौदा जण शनिवारी रात्री बसने निघून, कोल्हापूरमार्गे घाट उतरून रविवारी सकाळी तारकर्लीला पोहोचलो.

मालवणला डायव्हिंग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पंधरा-वीस मिनिटांचा तो पर्यटकांचा अनुभव येतो, ज्यात प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो आणि आपण मासे पाहून वर येतो. तो अनुभव वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही; मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी तसाच पाण्याखाली गेले होते आणि तिथूनच मला हे वेड लागले. परंतु स्वतःचा तरंग, म्हणजे न बुडता आणि न वर जाता पाण्यात एका पातळीवर राहणे, स्वतः सांभाळून, जोडीदाराची काळजी घेत, ठरलेल्या वेळात आणि ठरलेल्या खोलीवर पोहून परत येणे ही निराळी विद्या आहे, आणि ती शिकायला मालवणचे पाणी फार चांगले आहे असे माझे ठाम मत झाले आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या पाण्यात वीस-तीस मीटर लांबचे स्पष्ट दिसते. मालवणला चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसते, वाईट दिवशी दोन-तीन. त्या दोन-तीन मीटरांत माणूस पाण्याखाली कसा वागतो, हे त्याला स्वतःला आणि त्याच्या क्लबाला कळते.

पहिल्या दिवशी आमच्या सरांनी कोणालाही खडकांकडे नेले नाही. सर नौदलातून निवृत्त झालेले आहेत आणि पुण्याच्या जलतरण तलावात वर्षभर तेच आमच्याकडून सराव करून घेतात. समुद्राचे पाणी तलावाच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून ते आपल्याला अधिक वर उचलते. तलावात चार किलो शिसे कमरेला बांधून सहज खाली जाणाऱ्या माणसाला समुद्रात सहा किलो लागू शकते. हा हिशेब कागदावर सोपा असला तरी प्रत्येकाचे शरीर, सूट आणि सिलिंडर वेगळे असल्याने तो पाण्यातच जुळवावा लागतो. चार मीटर खोलीवर, वाळूच्या तळावर आम्ही एकेक जण तरंगून पाहिले, वजने कमी-जास्त केली, मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढले, जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या उपकरणातून, श्वास घेत वर आलो. दीड दिवस यातच गेला. नव्या तीन सदस्यांचे चेहरे थोडे उतरले होते, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी समोर दिसत असताना वाळूवर गुडघे टेकून बसणे कोणालाही जड जाते. पण ज्याला स्वतःचा तरंग सांभाळता येत नाही तो हमखास प्रवाळावर पाय टेकतो, आणि सरांचा हट्ट त्यासाठीच असतो.

साहित्याची जबाबदारी या वर्षी माझ्याकडे होती. सिलिंडर आणि रेग्युलेटर जिथे जोडले जातात तिथे रबराचे एक बारीक कडे बसवलेले असते, त्याला ओ-रिंग म्हणतात. करंगळीच्या टोकावर राहील एवढे ते असते, पण दोनशे बार दाबाची हवा त्याच्याच भरवशावर अडवलेली असते. सोमवारी पहाटे एका सिलिंडरची चावी फिरवताच फुसकारा सुरू झाला. मी चावी बंद केली, रेग्युलेटर सोडवला आणि टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर कडे एका जागी चपटे झाले होते आणि त्यावर केसाएवढी चीर होती. जुने काढताना टोकदार पितळी काडीच वापरावी लागते, कारण पोलादी टोकाने खाचेला ओरखडा पडला की नवे कडेही हवा धरत नाही. नवे कडे ओल्या बोटाने खाचेत सारले, चारी बाजूंनी नखाने दाबून पाहिले आणि पुन्हा चावी फिरवली. आवाज थांबला. त्यानंतर राहिलेली तेरा सिलिंडरेही मी एकेक करून तपासली आणि आणखी दोन कडी बदलली. होडीवर हेच घडले असते तर एका जोडीची सकाळ वाया गेली असती, एवढाच त्यातला धडा; पण ते काम करताना मला खोल समाधान मिळाले, हे नमूद करायला हवे.

आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. या दिवसांत रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि सकाळी पाणी आरशासारखे असते. दहा-अकराच्या पुढे समुद्रावरचा वारा उठला की लाटा फुटू लागतात. होडीचे तांडेल रोज एकच वाक्य सांगत, "दहा वाजल्यार वारो सुटतलो, त्याआधी वर येवा." त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यात मासेमारी करत आले आहे, आणि कोणत्या खडकाच्या कोणत्या अंगाला भरतीच्या कोणत्या प्रहरी पाणी निवळलेले असते, हे त्यांना आमच्या कोणत्याही उपकरणापेक्षा अचूक ठाऊक आहे. घरमालकीणबाईंनी दिलेले घावणे आणि चहा एवढेच पोटात घालून आम्ही निघत असू, कारण भरल्या पोटी हलत्या होडीवर सूट चढवणे फार अवघड जाते.

सिंधुदुर्ग किल्ला, त्याच्या शेजारचे पद्मगडाचे बेट आणि भोवतालचे बुडालेले खडक हा सगळा परिसर मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याच्या आसपासचा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले तेव्हा, किनाऱ्यापासून जवळ असूनही शत्रूच्या गलबतांना सहज येता येणार नाही अशी जागा त्यांनी निवडली, आणि ती अवघड जागा म्हणजे हेच पाण्याखालचे खडक. ज्या खडकांनी किल्ल्याचे रक्षण केले त्यांच्याच अंगावर आज प्रवाळ वाढते आहे, हा विचार त्या पाण्यात उतरताना प्रत्येक वेळी माझ्या मनात येतो.

मंगळवारी पाणी या आठवड्यातले सर्वांत स्वच्छ होते. सात मीटरांवर एका उताराच्या खडकावर गोनिओपोरा जातीच्या प्रवाळाची वसाहत आहे, साधारण पाटाएवढी. लांबून ती तपकिरी लोकरीसारखी दिसते. पाण्यात आडवे होऊन, हात छातीशी घेऊन, श्वास अगदी सावकाश सोडत मी तिच्यापासून वीतभर अंतरावर पोहोचले, तेव्हा त्या लोकरीचे एकेक फूल वेगळे दिसू लागले. इतर बरीच प्रवाळे रात्री उमलतात, हे दिवसाही उमललेले असते. प्रत्येक जीव म्हणजे बोटाएवढ्या लांब देठावरचे एक फूल, आणि त्याच्या तोंडाभोवती चोवीस पाकळ्यांसारख्या संवेदिका. मी मोजायचा प्रयत्न केला. ओढीबरोबर सगळी वसाहत एकदम डावीकडे झुकायची आणि मोजणी चुकायची. तिसऱ्यांदा मोजताना माझ्या श्वासाचा एक मोठा बुडबुडा शेजारून वर गेला आणि त्या बाजूची आठ-दहा फुले झटकन मिटली. दोन मिनिटे स्थिर राहिल्यावर ती पुन्हा हळूहळू बाहेर आली, आधी देठ, मग एकेक पाकळी. पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून त्या खोलीवर शेजारचा स्पंज काळपट दिसत होता. टॉर्च लावताच तो कुंकवासारखा लालभडक झाला. चाळीस मिनिटांच्या त्या डायव्हमधली पंधरा मिनिटे मी त्या एकाच खडकापाशी घालवली आणि मला त्याची जराही खंत नाही.

बुधवारची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले आहे. त्या दिवशी माझा जोडीदार अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एक मुलगा होता. तो मला मावशी म्हणतो, पोहण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहे आणि समुद्रातले त्याचे हे पहिलेच वर्ष होते. पाणी आदल्या दिवशीपेक्षा गढूळ होते, तीन मीटरांपलीकडे सगळे हिरवट धुके. आम्ही नऊ मीटरांवर एका खडकाच्या कडेने जात होतो. एका कपारीतून दोन लांब मिशा हलताना दिसल्या, म्हणून मी थांबले. आत एक शेवंड (लॉब्स्टर) बसला होता. मी टॉर्च थोडा तिरपा करून आत पाहिले, फार तर दहा सेकंद. मागे वळले तेव्हा मुलगा नव्हता.

पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाला तर काय करायचे, हे आम्हा सर्वांना पाठ आहे: जागेवरच गोल फिरत, वर-खाली पाहत जास्तीत जास्त एक मिनिट शोधायचे आणि नाही सापडला तर सावकाश वर यायचे, म्हणजे दोघांची भेट पृष्ठभागावर होईल. नियम सोपा आहे, पण ते एक मिनिट सोपे नसते. मला त्याच्या बुडबुड्यांचा आवाज येत होता. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो आणि कोणत्या दिशेने येतो आहे हे मेंदूला उमगत नाही. आवाज सगळीकडूनच येत होता. धुक्यात शिरून त्याला शोधावे अशी अनिवार इच्छा झाली. घड्याळाकडे पाहिले तर जेमतेम पंचवीस सेकंद झाले होते. मी सिलिंडरवर टॉर्चने तीन वेळा ठोकले, आणखी एक फेरी घेतली, मिनिट पूर्ण होताच हात वर केला आणि मनगटावरच्या डायव्ह संगणकावरचा वेग पाहत वर निघाले. मिनिटाला नऊ मीटर हा आमचा वर येण्याचा वेग. म्हणजे तिथून वर यायला आणखी एक मिनिट. मनात काहूर माजलेले असताना पाय न मारता त्या वेगाने वर येणे, ही आजवर मी पाण्यात केलेली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

पृष्ठभागावर कोणी नव्हते. होडीवरून तांडेलांनी हात केला, मी सगळे ठीक असल्याची खूण देऊ शकले नाही. नंतर कळले की मधले अंतर तीस-पस्तीस सेकंदांचेच होते, पण त्या वेळात मी त्याच्या आईला काय सांगायचे इथपर्यंत विचार केला होता. मग पंधरा मीटरांवर पाणी फुटले आणि त्याचे डोके वर आले. त्याने तोंडातून रेग्युलेटर काढण्याआधीच हात डोक्यावर ठेवून खूण केली आणि मग ओरडला, "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" त्यानेही माझा पुरा एक मिनिट शोध घेतला होता आणि ठरल्याप्रमाणेच वर आला होता.

होडीवर सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून एकच प्रश्न विचारला, "शेवटचे कधी पाहिलेस?" माझे उत्तर होते, कपारीपाशी थांबण्याआधी. त्याचे उत्तर होते, कपारीच्या बरेच अलीकडे. म्हणजे मी थांबण्याच्या कितीतरी आधीपासून त्याने मागे पाहिलेले नव्हते, आणि मी थांबताना त्याच्या फिनला हात लावून तसे कळवले नव्हते. चूक दोघांची होती आणि ती पाण्यातल्या पहिल्या पाच मिनिटांपासून सुरू झालेली होती. त्या संध्याकाळी अंगणात बसून आम्ही चौदा जणांनी नियम नव्याने लिहिले: पाणी पाच मीटरांपेक्षा कमी दिसत असेल तर जोडीदार हाताच्या अंतरावर, थांबायचे असेल तर आधी स्पर्श, चार श्वासांत एकदा नजर जोडीदाराकडे. सर्दीमुळे तीन दिवस पाण्यात न उतरलेल्या आमच्या एक काकू, ज्या बँकेतून निवृत्त झाल्या आहेत, होडीवर बसून प्रत्येक जोडीची उतरण्याची वेळ, हवेचा दाब आणि वर येण्याची वेळ वहीत लिहीत होत्या. त्यांच्या वहीमुळेच आम्हाला सेकंदांचा हा हिशेब लागला. सर्दीत कान मोकळे होत नाहीत आणि खाली गेल्यास पडदा फाटू शकतो, हे जाणून त्यांनी स्वतःहून पाण्याबाहेर राहायचे ठरवले होते, आणि सबंध आठवड्यात क्लबाला त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कोणी दिला असेल असे मला वाटत नाही.

गुरुवारी एक गोष्ट पाहिली, जिने जीव दुखावला. आमच्यापासून थोड्या अंतरावर पर्यटकांना घेऊन आलेल्या एका होडीने नांगर वाळूवर न टाकता सरळ खडकावर टाकला आणि पाण्यात बिस्किटांचा चुरा सोडला, म्हणजे अंगावर पाच काळे उभे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे गोळा होतात आणि व्हिडिओ चांगला येतो. हे मासे शेवाळ आणि पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन राहतात. बिस्किटांची सवय लागली की ते माणसांच्या हातांना चावू लागतात आणि आपले खडकावरचे काम विसरतात. नांगराची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. पोरायटीस जातीचे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. परातीएवढा तुकडा निखळला तर तो भरून यायला कित्येक दशके लागतात, आणि तोवर पाणी आणखी तापून प्रवाळ पांढरे पडण्याचे संकट डोक्यावर असतेच. सर आणि आमचे तांडेल दोघे त्या होडीकडे गेले आणि शांतपणे बोलले. नांगर उचलला गेला. त्या पोरांनाही दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही, कारण मासळी कमी होत चाललेल्या किनाऱ्यावर याच व्यवसायाने त्यांची घरे चालतात. पण खडक उरले तरच व्यवसाय उरेल, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी इथे येणाऱ्या प्रत्येक क्लबाची आहे. खडकाजवळ कायमचे तरंगते बोये बांधले आणि होड्या त्यांनाच बांधायची शिस्त लागली, तर नांगराचा प्रश्नच उरणार नाही.

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने अर्धवर्तुळात सोडलेल्या त्या लांबलचक जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात, आणि ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीचा वाटा मिळतो. आम्हीही दोरीला लागलो. तासाभराने जाळे वाळूवर आले तेव्हा त्यात तारली होती, थोडे बांगडे होते, आणि एका वयस्कर रापणकरांनी आमच्या हातात वाट्याचे पाच-सहा बांगडे ठेवत विचारले, "खाली मासो दिसता काय रे तुमका?" आम्ही काय काय पाहिले ते सांगत राहिलो आणि ते एकेका खडकाचे नाव सांगत ऐकत राहिले. सरांनी त्यातली सात नावे आमच्या नकाशावर लिहून घेतली. तोवर तिथे नुसते आकडे होते.

विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचे प्रवाळाचे पठार आहे, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेले. त्याचा माथा पाण्याखाली वीस-बावीस मीटरांवर आहे. दर वर्षी रात्री जेवताना त्याचा विषय निघतो आणि दर वर्षी सर म्हणतात की अजून आपली तयारी नाही. बुधवारनंतर या वर्षी कोणी तो विषय काढला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला शेवटची जोडी वर आली. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी उंचीवर गेल्यास बाहेरचा दाब कमी होऊन त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणूनच डायव्हिंगनंतर निदान अठरा तास विमानात बसत नाहीत. पण घाट चढणे हेसुद्धा उंचीवर जाणेच आहे आणि आमचे पुणे तर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरांवर वसलेले आहे, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आमच्या क्लबाचा नियम सरसकट चोवीस तासांचा आहे. शुक्रवारची दुपार साहित्य गोड्या पाण्यात धुण्यात गेली: सूट, फिन्स, जॅकेटे, सगळे घरमालकीणबाईंच्या विहिरीच्या पाण्याने दोनदा खळबळून नारळीच्या सावलीत वाळत घातले.

शनिवारी सकाळी आम्ही किल्ल्यात गेलो. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दूधबावीचे पाणी ओंजळीने पिऊन आम्ही तटावर चढलो. आठवडाभर ज्या खडकांभोवती पोहलो ते वरून पाण्याखालच्या सावल्यांसारखे दिसत होते, आणि मुलाने बोट दाखवून विचारले, "मावशी, आपली कपार तीच ना?" तीच होती. परत धक्क्यावर उतरलो तेव्हा प्रत्येकाने मनगटावरचा डायव्ह संगणक पाहिला. त्यावरचे विमानाचे छोटेसे चिन्ह दिसत असेतो उंचीवर जायचे नसते. तेरा जणांचे चिन्ह गेले होते. चौदाव्याचे जाईपर्यंत आम्ही धक्क्यावर सोलकढी पीत थांबलो आणि मग गाडी सोडली.